दुसऱ्या कोकराचा हिशेब

साकीनाक्याला मटणाचा भाव ऐकून कपाळाला आठ्या घालणाऱ्या गृहस्थास, त्या भावाचा एक धागा माणदेशच्या माळावर चरणाऱ्या दख्खनी मेंढीच्या बीजांडकोशापर्यंत जातो, असे सांगितले तर नवल वाटेल. परंतु ही मेंढी एका वेतास बहुधा एकच कोकरू देते, आणि ते दगावले की पाच महिन्यांचे गाभणपण वाया जाऊन धनगराची सालाची बेगमी उणी पडते.

ही मर्यादा संप्रेरकांच्या कारभारातून येते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या स्रावाने बीजांडकोशातील अनेक पुटके, म्हणजे बीजांडे पोसणाऱ्या इवल्या पिशव्या, वाढीस लागतात; पण त्यांतील एक पुढे सरले, की त्याच्याच इस्ट्रोजेन व इनहिबिन या संप्रेरकांमुळे ग्रंथीचा हात आखडतो आणि मागे राहिलेली पुटके सुकून जातात. ‘फेक-बी’ या जनुकीय बदलाचा वारसा लाभलेल्या मेंढीत मात्र पुटके लहान असतानाच पक्व होतात, प्रत्येकाचा स्राव अल्प पडतो, आणि मनाई अंमलात येईतो दोन-तीन बीजांडे सिद्ध झालेली असतात. सहाव्या गुणसूत्रावरील अवघ्या एका अक्षराच्या फरकाची ही किमया २००१ साली उलगडली.

ऑस्ट्रेलियातील बुरुला मेरिनोमुळे गाजलेल्या या बदलाचे मूळ सुंदरबनातील ठेंगण्या गॅरोल मेंढीत असून, अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याहून गेलेल्या मेंढ्यांबरोबर तो तिकडे पोहोचला, असे मानतात. बी. व्ही. निंबकरांनी १९६८ साली फलटणला स्थापिलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गॅरोलचाच दख्खनीशी संकर केला; डॉ. चंदा निंबकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या साहाय्याने, प्रत्येक पिढीची रक्ततपासणी करून जनुक बाळगणारी जनावरे निवडली व त्यांचा पुनःपुन्हा दख्खनीशी संकर केला, जेणेकरून अंगलोट दख्खनी राहावी आणि गॅरोलकडून प्रामुख्याने जुळ्यांचा गुण यावा. या संकरातून घडलेली मेंढी म्हणजेच ‘नारी सुवर्णा’.

तथापि जनुकाच्या दोन प्रती आल्यास तिळी संभवतात, कोकरे वजनाला हलकी निपजतात आणि आईचे दूध अपुरे पडते. म्हणून फिरत्या कळपास एक प्रतच मानवते, तीही गाभणपणाच्या शेवटच्या महिन्यांत मेंढीस जादा खुराक देण्याची तजवीज असेल तरच. जुळी जगली तरच धनगराच्या पदरी नफा पडतो. नुसती जन्मली म्हणून नव्हे.