वारं गेलेला हात

आमच्या महाळुंगे पडवळात पक्षाघाताला पक्षाघात कोणी म्हणत नाही; ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात. ऐन कांदालागवडीत अण्णांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, उजव्या अंगावरून वारं गेलं. पहिली रात्र तेल चोळण्यात गेली. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, हे आम्हांला दुसऱ्या दिवशी दवाखान्यात कळले. जीव वाचला, हात मात्र लाकडासारखा पडून राहिला.

पुढे मंचरला व्यायामोपचार सुरू झाले. तिथल्या ताईंनी कोपराखाली दोन चकत्या चिकटवून यंत्राचे बटन फिरवले, आणि अण्णांची मिटलेली बोटे उघडली! आजीने यंत्रालाच हात जोडले. मला मात्र प्रश्न पडला : दुखणे मेंदूचे, मग वीज हाताला का?

ताईंनी सांगितले ते असे. विहिरीवरची मोटार शाबूत, वायर शाबूत. पण कळ दाबणारा माणूसच आजारी पडला, तर पाणी येईल का? पक्षाघातात मेंदू दुखावतो. स्नायूकडे जाणारी नस शाबूत असते. यंत्र बाहेरून कळ दाबते. पण तेवढ्याने भागत नाही. स्पंद येईल त्याच क्षणी रोग्याने स्वतःही बोटे उघडण्याचा जोर लावायचा. असे शेकडो वेळा झाले, म्हणजे मेंदूचा चांगला भाग ते काम हळूहळू शिकू लागतो.

ही कल्पना जुनीच. पाय ओढत चालणाऱ्यांसाठी लिबरसन यांनी १९६१ मध्ये असे यंत्र वर्णिले : टाच उचलली की गुडघ्याजवळच्या नसेला स्पंद, आणि पाऊल वर. २०२१ मध्ये तर मानेतील व्हेगस नसेचा प्रयोग प्रसिद्ध झाला. जुना पक्षाघात असलेल्या १०८ रोग्यांच्या छातीत यंत्र बसवले. निम्म्यांना व्यायामाच्या प्रत्येक हालचालीबरोबर अर्ध्या सेकंदाचा स्पंद, बाकीच्यांना नुसता व्यायाम. हातात ठळक सुधारणा झाली ती पहिल्या गटात शेकडा ४७ जणांना, दुसऱ्यात २४ जणांना. म्हणजे विजेने मदत केली खरी, पण व्यायाम कोणालाच चुकला नाही.

अण्णा आता दोन्ही हातांनी तांब्या उचलतात. सही अजून डाव्या हाताने करतात. ती गेलेली रात्र कोणतेही यंत्र परत देणार नाही. म्हणून मित्रहो, तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, जीभ अडखळली, तर तेलाची बाटली शोधू नका. १०८ ला फोन करा.