उपकरणास कायमचे नाव

कार्यालयातील संगणकास एकाच बनावटीचे दोन वजनकाटे यूएसबीने जोडले, की लिनक्स ही मुक्त प्रणाली त्यांना सापडतील त्या क्रमाने 'टीटीवाययूएसबी०' व 'टीटीवाययूएसबी१' अशी नावे देते. संगणक पुन्हा सुरू केल्यावर हा क्रम पालटू शकतो आणि एका काट्याचे वजन दुसऱ्याच्या खाती पडते. चूक ध्यानातही येत नाही. यावर 'यूडेव्ह'ची सोय आहे. 'रूल्स' या प्रत्ययाच्या फाइलीत एक ओळ लिहावी: अमुक अनुक्रमांकाचे उपकरण आढळल्यास त्यास 'धान्यकाटा' हे जोडनाव द्यावे. मूळ नाव पूर्ववत बदलत राहते. म्हणून आज्ञावलीत जोडनावच वापरावे. स्वस्त जोडणीवर पुष्कळदा अनुक्रमांकच नसतो. तेथे पोर्टच्या स्थानावरून ओळख ठरवावी लागते. मग मात्र वायर दुसऱ्या पोर्टात खोचून चालत नाही.