स्मार्ट घर आपोआप वीज वाचवतं का?

दर वर्षी १४ डिसेंबरला राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन येतो आणि शाळाशाळांतून चित्रं रंगतात. बहुतेक चित्रांत एक पिवळा, तारेचा बल्ब असतो, त्यावर लाल फुली आणि खाली 'वीज वाचवा'. तो बल्ब आता किती घरांत उरला आहे? २०१५ साली सुरू झालेल्या उजाला योजनेतून देशभरात ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले. ६० वॉटच्या बल्बची जागा ९ वॉटच्या दिव्याने घेतली. घरातली वीज आता मुख्यतः पंखे, गीझर, फ्रिज आणि एसी यांच्यावर जाते, चित्र मात्र बदललेलं नाही. अलीकडे प्रकल्पाच्या वह्यांत 'स्मार्ट होम'ही आलं आहे: मोबाइलवरून दिवे लावणारं घर, आणि शेजारी सुवाच्य अक्षरात 'यामुळे विजेची बचत होते'.

सहावी ते आठवीच्या मुलांना हा विषय शिकवायचा तर अशी वाक्यं आधी तपासून घ्यावी लागतात. विजेच्या वापराची गणितं पाठ्यपुस्तकात नीट येतात ती दहावीला. पण या मुलांना गुणाकार येतो, दशांश अपूर्णांक येतात, आणि घरच्या विजेचा हिशेब मांडायला तेवढं पुरतं. तोवर थांबायचं काहीच कारण नाही.

गैरसमज: जास्त वॉटचं उपकरण जास्त वीज खातं

पहिला घोळ इथेच होतो. वॉट हा वीज खर्च होण्याचा वेग आहे. बिल येतं ते युनिटचं, आणि १,००० वॉटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट होतं. म्हणजे वॉट आणि तास, दोन्ही हवेत.

फळ्यावर दोन नावं लिहावीत: १,५०० वॉटची चहाची इलेक्ट्रिक किटली आणि ७५ वॉटचा छताचा पंखा. जास्त वीज कोण खातं, असं विचारलं की बहुतेक हात किटलीसाठी वर होतात. मग हिशेब करायचा. किटली ४ मिनिटं चालते: ०.१ युनिट. पंखा दिवस-रात्र मिळून १६ तास चालतो: १.२ युनिट. पंख्याने किटलीच्या बारा पट वीज घेतली. पोस्टरवर पंखा का हवा, हे यानंतर सांगावं लागत नाही.

त्याच पंख्याच्या जागी कमी वीज घेणाऱ्या बीएलडीसी मोटरचा, साधारण ३० वॉटचा पंखा लावला तर १६ तासांचे ०.४८ युनिट होतात. वर्षातले ३०० दिवस धरले तर एका पंख्यामागे सुमारे २१६ युनिट वाचतात. छताच्या पंख्यांवर स्टार लेबल लावणं जानेवारी २०२३ पासून सक्तीचं झालं आहे, त्यामुळे दुकानात उभं राहून तुलना करणं आता मुलांनाही जमतं.

'रेग्युलेटर कमी केला तरी वीज तेवढीच जाते' हे वाक्य आजी-आजोबांकडून आलेलं असतं आणि त्यात तथ्य होतं. जुन्या मोठ्या डब्यासारख्या रेग्युलेटरमध्ये उरलेली बरीचशी वीज उष्णता होऊन वाया जायची. आजच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरला ते लागू नाही. वेग कमी केला की वापरही कमी होतो.

गैरसमज: स्मार्ट म्हणजे वीज वाचवणारं

यावर थोडं थांबायला हवं, कारण जाहिराती आणि प्रकल्पवह्या दोन्ही इथेच घसरतात.

स्मार्ट उपकरणात तीन गोष्टी असतात. काहीतरी जाणणारा सेन्सर, त्यावरून निर्णय घेणारा छोटा संगणक, आणि चालू-बंद करणारा स्विच. यातलं जाणणं आणि बंद करणं घरातल्या इस्त्रीला फार पूर्वीपासून येतं: तापली की आतली द्विधातूची पट्टी वाकते, विद्युतप्रवाह तुटतो, गार झाली की पुन्हा जोडला जातो. गीझरचा थर्मोस्टॅटही तेच करतो. सोसायटीच्या टाकीतला फ्लोट पाणी भरलं की पंप बंद करतो. स्मार्ट उपकरणाने यात भर घातली ती मुख्यतः इंटरनेटची. आणि इंटरनेटला कान लावून बसायचं तर चोवीस तास जागं राहावं लागतं, त्याला वीज लागते.

९ वॉटचा स्मार्ट बल्ब घ्या. 'बंद' असताना तो आज्ञेची वाट पाहत साधारण अर्धा वॉट घेतो. जिन्यात किंवा स्टोअररूममध्ये तो रोज एकच तास लागत असेल तर प्रकाशासाठी ९ वॉट-तास खर्च होतात आणि उरलेल्या २३ तासांच्या वाट पाहण्यात ११.५ वॉट-तास. उजेडापेक्षा वाट पाहणं महाग! साधा एलईडी आणि साधं बटण असतं तर हे ११.५ वॉट-तास वाचलेच असते. याच हिशेबाने ८ वॉटचा वाय-फाय राउटर वर्षभरात ७० युनिट घेतो, तर नुसता ऐकत बसलेला २ वॉटचा स्मार्ट स्पीकर साडेसतरा.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. लाइट जाऊन परत आली की बरेच स्मार्ट बल्ब आपोआप पेटतात, कारण त्यांची मूळ सेटिंगच तशी असते. घर बंद करून गावाला गेलेल्या कुटुंबाचे दिवे रात्रभर जळत राहू शकतात. अॅपमध्ये ही सेटिंग बदलता येते, पण ती आहे हे आधी माहीत हवं.

मग स्मार्टपणाचा उपयोग कुठे? जिथे वॉट मोठे आणि विसरभोळेपणाही मोठा, तिथे. दीड टनाचा एसी रिकाम्या खोलीत दोन तास राहिला आणि कॉम्प्रेसर पूर्ण जोराने चालला, तर सुमारे ३ युनिट जातात. राउटर तेवढ्या विजेवर पंधरा दिवस चालतो. खोलीत माणूस नाही हे ओळखून एसी बंद करणारा सेन्सर स्वतःचा खर्च सहज भरून काढतो. गीझरचा टायमरही तसाच. १५ लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला जेमतेम अर्धा युनिट लागतो. पण गीझर दिवसभर चालू राहिला तर टाकी हळूहळू निवत राहते आणि तो तेच पाणी पुन्हा पुन्हा तापवत बसतो. मात्र गीझर किंवा एसीला १६ अँपिअरचाच स्मार्ट प्लग हवा. कमी क्षमतेचा लावला तर तो वितळू शकतो, आणि ही गोष्ट मुलांना पहिल्याच तासाला सांगितली पाहिजे.

गैरसमज: एसी १६ अंशांवर ठेवला की खोली लवकर गार होते

साध्या एसीचा कॉम्प्रेसर चालतो तेव्हा एकाच जोराने चालतो. १६ लावा की २४, खोली २४ वर यायला सारखाच वेळ लागतो. इन्व्हर्टर एसीही तापलेल्या खोलीत सुरुवातीला पूर्ण जोरानेच पळतो. फरक पडतो तो त्यानंतर: १६ वर लावलेला एसी थांबतच नाही. जानेवारी २०२० पासून नवे एसी २४ अंशांवरच सुरू होतात, तशी सेटिंग कारखान्यातूनच येते. एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो म्हणजे बीईई सांगते.

गैरसमज: खरा चोर मोबाइलचा चार्जर

चार्जरच्या नावाने घरोघरी बोलणी बसतात. ५,००० एमएएचचा मोबाइल पूर्ण चार्ज करायला, वाया जाणारी वीज धरूनही, साधारण २५ वॉट-तास लागतात. एका युनिटमध्ये चाळीस वेळा! मोबाइल न लावलेला चांगला चार्जर तर मोजण्याइतकीही वीज घेत नाही. टीव्हीखालचा सेट-टॉप बॉक्स मात्र रिमोटने 'बंद' केला तरी अनेकदा १० वॉटच्या आसपास घेत राहतो. वर्षाला जवळपास ८८ युनिट, तेही कुणी काही बघत नसताना. त्याला भिंतीवरच्या बटणानेच बंद करावं.

फ्रिजचं उलट आहे. चोवीस तास चालू म्हणून तो सर्वांत खर्चीक, असं मुलांना वाटतं आणि काही घरांत तो रात्री बंदही करतात. पण त्याचा कॉम्प्रेसर मधूनमधूनच चालतो. रात्री आत शिरलेली उष्णता सकाळी बाहेर काढावीच लागते, वर दूध-भाजी नासण्याचा धोका. फ्रिजच्या लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात, त्यांना ३६५ ने भागायला लावावं. लेबलवरचं वर्षही वाचायला लावावं, कारण स्टारचे निकष वेळोवेळी कडक होतात आणि जुन्या लेबलवरचे पाच स्टार आजच्या पाचांइतके नसतात.

गैरसमज: स्मार्ट मीटर पळतो

महाराष्ट्रात यावर खूप वाद झाला आहे, आणि मुलं घरातलं बोलणं ऐकूनच वर्गात येतात. त्यांची शंका उडवून लावू नये. स्मार्ट मीटर वीज मोजतो ती आधीच्या इलेक्ट्रॉनिक मीटरसारखीच. फरक एवढाच की रीडिंग तो स्वतः पाठवतो. जुने चकतीचे मीटर वर्षानुवर्षांच्या घर्षणाने मंद व्हायचे आणि अगदी लहान भार त्यांना जाणवायचाही नाही. तिथे नवा मीटर आला की बिल वाढू शकतं. तरीही संशय असेल तर ग्राहक मीटरच्या तपासणीसाठी अर्ज करू शकतो.

त्याआधी तपासणी घरीच करता येते, आणि मुलांना ती फार आवडते. मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो. त्याच्याजवळ एका युनिटला किती लुकलुक हे छापलेलं असतं, समजा ३,२००. मोठ्या माणसाला सोबत घ्यायचं, घरातलं सगळं बंद करायचं, एकच जुना पंखा पूर्ण वेगात लावायचा आणि मीटरला हात न लावता मोजायचं. ७५ वॉटचा पंखा असेल तर मिनिटाला बरोबर ४ लुकलुक, पाच मिनिटांत २०. बीएलडीसी पंख्याला पाच मिनिटांत ८. मग पंखा बंद करून २,००० वॉटचा गीझर लावला की मिनिटाला शंभराच्या वर. मोजता मोजता मुलं थकतात. सगळी बटणं बंद असतानाही दिवा लुकलुकत असेल, तर काय चालू आहे ते शोधत घरभर फिरायचं. इन्व्हर्टरची बॅटरी, राउटर, पाण्याचा फिल्टर, असं एकेक सापडत जातं.

बिल दुप्पट झालं म्हणजे मीटर बिघडला, असंही नसतं. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत: १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, पुढे आणखी चढे. वापर १०० वरून २०० झाला की वरच्या शंभराला महाग दर लागतो आणि वीज आकार दुपटीहून वाढतो. एप्रिल-मेच्या बिलांचं कोडं वर्गात बरेचदा इथेच सुटतं.

गैरसमज: वीज कधीही वापरली तरी सारखीच

जुलै २०२५ पासून टीओडी मीटर, म्हणजे कोणत्या वेळी किती वीज वापरली हे नोंदवणारा मीटर, असलेल्या महावितरणच्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे सवलत लागू झाली. दिवसा सौरऊर्जा भरपूर असते. सूर्य मावळला की ती संपते आणि नेमकी तेव्हाच घरोघरी मागणी चढते. टायमर असलेलं घर इथे कामाचं ठरतं.

मग मुलांना यादी करायला सांगावं: कोणतं काम दुपारी ढकलता येईल? फ्रिज नाही, संध्याकाळचा दिवा नाही. धुण्याचं मशिन, पाण्याचा पंप चालेल. विजेच्या स्कूटरवर वर्गात हमखास वाद होतो, कारण दिवसा ती आई किंवा बाबांबरोबर कामावर असते आणि घरी येते ती ऐन मागणीच्या वेळी. टायमर लावून तिचं चार्जिंग मध्यरात्रीनंतर ढकलता येतं. संध्याकाळचा भार त्याने हलका होतो, पण दिवसाची सवलत काही मिळत नाही. ती हवी असेल तर चार्जिंगची सोय कामाच्या ठिकाणी व्हायला हवी.