उन्हात धुतलेली घोंगडी

२०२३ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, शेळीचं मात्र उस्मानाबादीच राहिलं. ही काळी, तकतकीत शेळी मटणासाठी आणि दुधासाठी दूरवर प्रसिद्ध, पण घोंगडीला तिचा काही उपयोग नाही. घोंगडी होते दख्खनी मेंढीच्या लोकरीची. ही लोकर जाड, केसाळ आणि टोचरी. मऊ शालीच्या कामाला ती कधीच यायची नाही. वर्षातून दोनदा ती कात्रीनं उतरवायची, मग पिंजायची. धनगरांच्या बायका तिचं सूत काढतात आणि सणगर ते मागावर विणतात. ताण्याला चिंचोक्याची खळ लावलेली असते, म्हणून नवी घोंगडी पत्र्यासारखी ताठ असते. अंगाखाली वर्षभर वापरल्यावरच ती माणसाळते.

तिचं सगळं आयुष्य उघड्यावर जातं. बालाघाटच्या माळावर मेंढरांमागे ती खांद्यावर असते, पावसात तिची खोळ होते, रात्री खळ्यावर राखणीला तीच अंथरूण. काही महिने अणदूरला आणि काही महिने नळदुर्गला राहणाऱ्या खंडोबाच्या जत्रेत जागरणाची बैठकही तिच्यावरच. म्हणजे माती, लेंड्या, कुसळं, गोखरू, चुलीचा धूर, सगळं तिच्यात शिरतं. तरीही मेंढपाळ तिला क्वचितच पाणी दाखवतो, आणि माझ्या मते ती इतकी टिकते त्याचं मोठं श्रेय या न धुण्यालाच आहे.

लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. अंगावर मेंढीचा नैसर्गिक तेलकटपणा असतो, तो पाणी आणि मळ बराचसा वरच थोपवतो. वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा हवेतून पिऊनही लोकर हाताला ओली लागत नाही. सोड्याचं पाणी हा तेलकटपणा काढून टाकतं आणि तंतूही कमजोर करतं. पाणी कढत असेल आणि वर घासाघासही झाली, तर खवले एकमेकांत अडकतात आणि विणलेलं कापड आकसून नमद्यासारखं घट्ट होतं. जेन, म्हणजे न विणता थापलेलं लोकरीचं अंथरूण, याच गुणावर बनतं. तिथे लोकर मुद्दाम भिजवून, रगडून थापतात, मागाची गरजच पडत नाही. जेनाला जे घडवतं तेच घोंगडीला बिघडवतं. वॉशिंग मशीनमधून बाहेर आलेली घोंगडी मोठ्या माणसाला पुरत नाही.

खरी साफसफाई कोरडीच होते. आधी कुसळं आणि गोखरू हातानं वेचायचे, कारण बदडताना ते आणखी आत घुसतात. मग दोघांनी चार कोपरे धरून झटकायची, दोरीवर टाकून उलट्या बाजूनं काठीनं बदडायची आणि कडक उन्हात पसरायची. दुपारी उलटायची. शेण लागलं असेल तर ते वाळू द्यायचं. ओलं असताना पुसायला गेलं की ते विणीत भरतं, वाळलं की खरवडून पडतं. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या मुलखाला यापेक्षा सोयीची रीत कोणती? सोवळ्यातही लोकरीला विटाळ नाही असं मानत, म्हणून लोकरीची धाबळी चालायची. त्यामागचं शास्त्र काहीही असो, पाणी मात्र वाचत होतं.

धुवायचीच वेळ आली तर थंड पाणी आणि रिठ्याचा फेस घ्यावा. घोंगडी बुडवून हातानं दाबावी. आपटू नये, पिळू तर मुळीच नये. भिजलेल्या लोकरीची ताकद कमी झालेली असते आणि वजन भलतंच वाढलेलं. तशीच दोरीवर टांगली तर स्वतःच्याच भारानं ती लांबते आणि कडा वाकड्या होतात. म्हणून ती दगडावर निथळू द्यायची, मग आडवी पसरून वाळवायची. हे सगळं करायला सकाळ हवी, आणि आभाळ स्वच्छ हवं. नाहीतर शब्दशः भिजत घोंगडं, वर कुबट वास.

कसर हा मात्र तिचा खरा वैरी. पतंगाची अळी लोकरीतलं केराटिन खाते आणि तिला अंधार आवडतो. कडुनिंबाचा पाला, वेखंड, डांबरगोळ्या घालतात, पण मळकट घोंगडी ट्रंकेत कोंबून वर पाला टाकला तर अळीचं फारसं बिघडत नाही. अधूनमधून बाहेर काढून बदडली की अंडी आणि अळ्या झडतात. रोज वापरातल्या घोंगडीला कसर सहसा लागत नाही. लागते ती जपून ठेवलेल्या घोंगडीला.

आता अंगणात प्लॅस्टिकची चटई आली. ती पाइपच्या पाण्यानं धुता येते, हे खरंच सोयीचं आहे. पण जे ऊन घोंगडी साफ करतं, तेच चटईला ठिसूळ करतं आणि काही उन्हाळ्यांत तिचे तुकडे उडू लागतात. तिकडे मेंढपाळाला कातरणीची मजुरीही लोकरीतून सुटत नाही. मटणासाठी माडग्याळसारख्या उंच, कमी लोकरीच्या मेंढ्या त्याला परवडतात, आणि त्याला दोष कसा द्यायचा?

लोकर अशी मागे पडल्याचा फटका दुरुस्तीला बसतो. घोंगडी फाटली तर दाभणानं, हातानं कातलेल्या लोकरीच्याच सुतानं सांधावी लागते. ते सूत मिळेनासं झालं की बाजारातली अ‍ॅक्रिलिकची लोकर वापरतात. पुढच्या धुण्यात भोवतीची लोकर थोडी आकसते, अ‍ॅक्रिलिक आकसत नाही. मग ठिगळाला झोळ येतो आणि फाटलेली कड पुन्हा उसवते.