विनंतीपासून प्रकाशनापर्यंत

संगणकाचा प्रोग्राम लिहून पूर्ण झाला म्हणजे तो लोकांच्या हाती पडला, असे होत नाही. हस्तलिखित आणि बाजारात आलेले पुस्तक यांच्या दरम्यान संपादन, मुद्रितशोधन, छपाई व बांधणी हे टप्पे असतात. प्रोग्रामच्या बाबतीतही तसेच आहे. प्रोग्रामरने लिहिलेला मजकूर, म्हणजे सोर्स कोड, तपासावा लागतो. संगणकाला चालवता येईल अशा रूपात त्याची बांधणी करावी लागते आणि या बांधणीची चाचणी घ्यावी लागते. तिला आवृत्तीचा क्रमांक देऊन, कोणते बदल झाले त्यांची नोंद लिहून, अखेरीस ती सर्वांना उतरवून घेता येईल अशा ठिकाणी ठेवावी लागते. या शेवटच्या कृतीला प्रोग्रामर 'रिलीज' म्हणतात. आपण तिला प्रकाशन म्हणू.

पूर्वी ही सर्व कामे माणूस हाताने करीत असे. आज अनेक ठिकाणी एका विनंतीला होकार मिळताच यंत्र ती क्रमाने पार पाडते. हे कसे घडते आणि त्यात माणसाच्या वाट्याला कोणती जबाबदारी उरते, हा या प्रकरणाचा विषय आहे.

हाताने केलेले काम

यंत्राकडे हे काम का सोपवावेसे वाटले, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. अमेरिकेतील नाइट कॅपिटल ही शेअरबाजारात मोठी उलाढाल करणारी कंपनी होती. 2012 सालच्या जुलै महिन्यात तिने आपल्या प्रोग्रामची नवी आवृत्ती आठ संगणकांवर बसवावयास घेतली. तंत्रज्ञाने सात संगणकांवर नवा कोड ठेवला. आठव्यावर ठेवावयाचा राहून गेला. केलेले काम दुसऱ्या कोणी पडताळून पाहिले नाही, कारण तसा लेखी नियमच नव्हता. 1 ऑगस्ट रोजी बाजार उघडताच त्या आठव्या संगणकावरील, 2003 पासून वापरात नसलेला जुना भाग जागा झाला आणि खरेदी-विक्रीचे आदेश अखंड सोडू लागला. सुमारे 45 मिनिटांत 40 लाखांहून अधिक व्यवहार होऊन गेले आणि कंपनीला 46 कोटी डॉलरांवर तोटा झाला. पुढे 2013 मध्ये अमेरिकेच्या रोखे आयोगाने तिला 1 कोटी 20 लाख डॉलरांचा दंड केला.

येथे तंत्रज्ञ अडाणी किंवा निष्काळजी होता असे मानण्याचे कारण नाही. आठ वेळा तेच काम करावयाचे असता एखादी वेळ चुकणे हा मनुष्यस्वभाव आहे. यंत्राला कंटाळा येत नाही आणि सातवर मोजणी थांबवून ते उठून जात नाही. ठरलेले काम ठरलेल्या क्रमाने दर वेळी तसेच करणे हा यंत्राचा गुण असून, प्रकाशनाच्या कामात तोच हवा असतो.

विनंती म्हणजे काय?

या दिशेने पहिले पाऊल फार पूर्वी पडले. 1976 मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' नावाचा प्रोग्राम तयार केला. कोणता भाग कोणत्या भागावर अवलंबून आहे हे एका फाइलीत लिहून ठेवले, की जेवढे बदलले असेल तेवढेच 'मेक' पुन्हा बांधीत असे. 2005 मध्ये लायनस टोरवाल्ड्स यांनी 'गिट' ही प्रणाली लिहिली. तिच्यात कोडमधील प्रत्येक बदलाची नोंद राहते आणि तिच्यामुळे एकाच कोडाच्या अनेक शाखा सुटसुटीतपणे वाढविता येऊ लागल्या. 2008 मध्ये सुरू झालेल्या 'गिटहब' या सेवेने 'पुल रिक्वेस्ट' ही पद्धत सर्वत्र रूढ केली.

पुल रिक्वेस्ट ही शब्दशः एक विनंती असते. गुवाहाटीतील एखाद्या विद्यार्थिनीला बर्लिनमधील गटाच्या प्रोग्रामात दोष आढळला, तर ती त्या कोडाची स्वतःची शाखा काढते, दोष दुरुस्त करते आणि मूळ गटाला कळविते: 'हा बदल आपल्या मुख्य शाखेत समाविष्ट करून घ्यावा.' विनंतीला एक शीर्षक असते, खाली स्पष्टीकरण असते आणि बदललेल्या ओळी समोर मांडलेल्या असतात. गटातील जाणकार त्या वाचतात, शंका विचारतात, सुधारणा सुचवितात आणि समाधान झाल्यावर बदल मुख्य शाखेत विलीन करतात. अनोळखी माणसालाही विनंती करण्याचा अधिकार आहे. ती मान्य करण्याचा अधिकार मात्र ठरावीक लोकांनाच आहे. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगातील बराचसा सहकार या साध्या भेदावर उभा आहे.

यंत्र क्रमांक कसा ठरविते?

कोणती घटना घडली असता कोणती कामे कोणत्या क्रमाने करावयाची, हे लिहिलेल्या फाइलीला 'वर्कफ्लो' म्हणतात. ही फाइल कोडाबरोबरच ठेवलेली असते. गिटहबने 2019 मध्ये सर्वांना खुली केलेली 'अ‍ॅक्शन्स' ही सोय याच तत्त्वावर चालते. विनंती आली की चाचण्या घ्या, विनंती विलीन झाली की बांधणी करून प्रकाशित करा, अशा सूचना त्यात असतात.

तथापि आवृत्तीला कोणता क्रमांक द्यावा, हे यंत्राला कसे समजावे? आवृत्तीचा क्रमांक बहुधा 2.4.1 असा तीन अंकांचा असतो. केवळ दोष दुरुस्त झाला असेल तर शेवटचा अंक वाढतो. नवी सोय आली, पण जुने काही बिघडले नाही, तर मधला वाढतो. जुन्या वापराला बाध येईल असा बदल असेल तर पहिला वाढतो आणि वापरणाऱ्यांना सावध करतो. म्हणून अनेक गटांनी असा संकेत ठरविला आहे, की विनंतीच्या शीर्षकाच्या आरंभीच बदलाचा प्रकार ठरावीक शब्दात लिहावा: 'फिक्स' म्हणजे दुरुस्ती, 'फीट' म्हणजे नवी सोय. यंत्र तो शब्द वाचते, पुढील क्रमांक काढते, बदलांची नोंद तयार करते, कोडाच्या त्या अवस्थेवर क्रमांकाची खूण लावते आणि बांधणी प्रकाशित करते.

याच्या दोन रीती आहेत. 'सिमँटिक-रिलीज' सारखी साधने विलीनीकरण होताच आवृत्ती प्रकाशित करतात. गूगलमध्ये तयार झालेले 'रिलीज-प्लीज' हे साधन थोडे सबुरीने घेते. ते साचत गेलेल्या बदलांची यादी आणि पुढील क्रमांक मांडून स्वतःच एक नवी विनंती तयार करते. माणसाने ती विलीन केली तरच प्रकाशन होते. पहिल्या रीतीत वेग आहे. दुसरीत छपाईपूर्वी अखेरचे मुद्रित पाहून सही करण्याची सोय आहे.

विनंती आज्ञा होते तेव्हा

येथे एका नाजूक गोष्टीकडे लक्ष दिले पाहिजे. विनंतीचे शीर्षक व शाखेचे नाव हा मजकूर बाहेरच्या माणसाने लिहिलेला असतो आणि यंत्र तो वाचीत असते. एखाद्या कचेरीत अर्जदाराने नावाच्या रकान्यात 'तिजोरी उघडा' असे लिहावे आणि अर्ज वाचून दाखविला जात असता शिपायाने ती आज्ञा समजून खरोखरच तिजोरी उघडावी, अशी कल्पना करा. वर्कफ्लो बेसावधपणे लिहिला असेल तर नेमके हेच घडते. बाहेरून आलेले शब्द यंत्राच्या आज्ञेत जसेच्या तसे जोडले जातात आणि त्यांत दडलेली आज्ञा पाळली जाते.

2024 च्या डिसेंबरात याचा प्रत्यय आला. चित्रांतील वस्तू ओळखणाऱ्या 'अल्ट्रालिटिक्स' या प्रोग्रामकडे आलेल्या विनंत्यांत शाखेच्या नावातच आज्ञा लपविलेल्या होत्या. त्यांच्या योगे बांधणीच्या वेळी वापरल्या जाणाऱ्या साठ्यात भेसळ झाली आणि 8.3.41 व 8.3.42 या दूषित आवृत्त्या यंत्राने स्वतःच प्रकाशित केल्या. उतरवून घेणाऱ्यांच्या संगणकांवर त्या गुपचूप कूटचलन निर्माण करण्याचे काम करू लागल्या. त्या काढून टाकल्यानंतरही, रद्द करावयाची राहिलेली एक जुनी किल्ली वापरून आणखी दोन दूषित आवृत्त्या घुसविण्यात आल्या.

2025 च्या ऑगस्टमध्ये 'एनएक्स' या साधनाच्या बाबतीत घडलेला प्रकार अधिक उद्बोधक आहे. विनंतीचे शीर्षक ठरलेल्या संकेताप्रमाणे आहे की नाही, हे तपासण्यासाठीच तेथे एक वर्कफ्लो लिहिलेला होता. त्या तपासणीतच शीर्षक थेट आज्ञेत जोडले जात होते. हल्लेखोरांनी शीर्षकातून आज्ञा पाठविली, प्रकाशनाची किल्ली मिळविली आणि दूषित आवृत्त्या प्रसिद्ध केल्या. त्यांनी उतरवून घेणाऱ्यांच्या संगणकांवरील गुप्त किल्ल्या गोळा केल्या. व्यवस्था राखण्यासाठी नेमलेल्या पहारेकऱ्याच्या हातूनच दार उघडले गेले.

सीमा कशी राखावी?

या घटनांवरून स्वयंचलन टाकाऊ ठरत नाही. नाइट कॅपिटलची हानी हाताने केलेल्या कामातून झाली होती, हे विसरता कामा नये. बोध एवढाच, की माणूस होकार देईपर्यंत विनंती ही विनंतीच राहिली पाहिजे.

त्यासाठीचे उपाय साधे आहेत. बाहेरचा मजकूर नेहमी माहिती म्हणून हाताळावा; आज्ञेत त्याची सांधेजोड करू नये. विनंतीची चाचणी आणि आवृत्तीचे प्रकाशन यांच्या खोल्या वेगळ्या ठेवाव्यात. चाचणीच्या खोलीत कोणतीही किल्ली नसावी आणि तेथील साठ्यातील काहीही प्रकाशनाच्या खोलीत येऊ नये. दीर्घकाळ चालणाऱ्या किल्ल्या ठेवूच नयेत. पायथन भाषेच्या 'पायपीआय' या भांडाराने एप्रिल 2023 पासून अशी सोय केली आहे, की वर्कफ्लोने आपली ओळख पटविल्यावर त्याला केवळ 15 मिनिटांचा परवाना मिळतो. तो चोरीस गेला तरी लवकरच निरुपयोगी ठरतो. शिवाय प्रकाशनाच्या अगदी आधी एखाद्या जाणकाराची संमती आवश्यक करता येते.

बांधणी कोठे व कोणत्या कोडापासून झाली याचे प्रमाणपत्र जोडण्याची पद्धतही आता रूढ होत आहे. अल्ट्रालिटिक्सच्या चौकशीत अशा नोंदींचा मोठा उपयोग झाला. परंतु त्या प्रोग्रामच्या पहिल्या दोन दूषित आवृत्त्या अधिकृत वर्कफ्लोतूनच बाहेर पडल्या होत्या, हेही ध्यानात ठेवावे. प्रमाणपत्र उगम सांगते. गुणाची हमी देत नाही.

तात्पर्य, स्वयंचलनामुळे निर्णयाची जागा बदलते. पूर्वी प्रकाशनाच्या दिवशी माणूस शेवटची कळ दाबीत असे आणि तेव्हा थबकून विचार करण्यास त्याला अवसर असे. आता ती कळ विनंती मान्य करण्याच्या क्षणी दाबली जाते. जो ती मान्य करतो, तो केवळ काही ओळी पसंत करीत नसून, आपल्याला कधीही न भेटणाऱ्या असंख्य लोकांच्या संगणकांवर त्या पाठवीत असतो. ही जाणीव ठेवून प्रत्येक विनंती वाचणे, एवढे काम अद्याप माणसाकडे आहे; आणि ते यंत्राच्या वेगाने उरकण्याजोगे नाही.