हायलाइट्स केशरी पडले? आधी रंग ओळखा

लग्नसराईत पार्लरमध्ये केलेले सोनेरी हायलाइट्स दोन महिन्यांत तांबूस दिसू लागले, की शाम्पूला शिव्या बसतात. पण दोष बहुधा त्याचा नसतो. आपल्या काळ्या केसांना ब्लीच केलं की रंग लाल, केशरी, पिवळा अशा पायऱ्या उतरतो. सोनेरी दिसतं ते वरच्या टोनरमुळे. तो धुऊन गेला की खालची पायरी उघडी पडते.

इंटरनेटवर सगळे जांभळा शाम्पू सांगतात. तो पिवळेपणा मारतो. केशरीला निळा लागतो. आपले काळे केस बहुतेक वेळा केशरीवरच थांबतात, म्हणून माझं मत निळ्याला. आठवड्यातून एकदा, तीन ते पाच मिनिटं, बस्स. रोज लावलात तर केस मळकट दिसतील.

आपल्या वरोरसारख्या किनाऱ्यावरच्या गावात ऊन आणि खारा वाराही रंग उतरवतात. समुद्रात उतरण्याआधी केस गोड्या पाण्याने भिजवा, थोडं खोबरेल लावा; भिजलेला केस खारं पाणी कमी पितो. बोअरच्या पाण्यात लोह असेल, बादलीवर तांबूस थर धरत असेल, तर तोच केसांवरही बसतो. अशा वेळी क्षार काढणारा, म्हणजे कीलेटिंग शाम्पू अधूनमधून वापरा. निळा त्यानंतर.

आणि हो, हळदीला डोकं झाकून बसा! ब्लीच केलेला केस हळद लगेच पकडतो. पांढऱ्या केसांसाठी मेंदी लावणाऱ्यांनी हायलाइट्सना ती लागू देऊ नये, भडक केशरी होतात. ‘काळी मेंदी’वर पुन्हा ब्लीच तर नकोच, त्यात धातूचे क्षार असले तर केस तापून तुटतात.