अंडवाहिनी-उच्छेदन
अंडवाहिनी-उच्छेदन : गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंच्या, सु. १० सेंमी. लांबीच्या अंडवाहिन्यांपैकी एक वा दोन्ही शस्त्रक्रियेने काढून टाकणे. वाहिनीत गर्भ रुजून ती फुटल्यास उदरात प्राणघातक रक्तस्राव होतो. अशा रुग्णावर लॉसन टेट यांनी १८८३ मध्ये ही शस्त्रक्रिया प्रथम यशस्वी केली. पाळी चुकलेल्या स्त्रीस ओटीपोटात एका बाजूस कळ व भोवळ आल्यास घरी वाट पाहणे धोक्याचे असते. बारामती येथे २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

अंडाशय व गर्भाशय जागीच राहत असल्याने पाळी चालू राहते. ‘पिशवी काढली’ हा समज चुकीचा होय. दोन्ही वाहिन्या काढल्यास गर्भधारणा केवळ बाह्यफलनाने होऊ शकते. दुर्बिणीद्वारे केलेल्या शस्त्रक्रियेनंतर सर्वसाधारणपणे दोन-तीन, उदरच्छेदानंतर चार-सहा आठवडे विश्रांती लागते. बारामती-इंदापूरच्या ऊसपट्ट्यातील स्त्रियांनी या काळात मोळ्या उचलू नयेत.